उंदरांऐवजी चिपवरचं यकृत: तुमच्या गोळीची चाचणी आता कशी होणार?

काही महिन्यांपूर्वी क्षयरोगाच्या औषधांवर असलेल्या एका तरुण मुलीला घेऊन तिची आई आणि मोठा भाऊ माझ्या दवाखान्यात आले. उपचारांचा सहावा आठवडा चालू होता. आठ-दहा दिवसांपासून तोंडाला चव नव्हती, सकाळी मळमळत होतं आणि दोन दिवसांपासून लघवी गडद पिवळी होत होती. आईचं निदान तयार होतं: "औषधं गरम पडली, मॅडम." भावाने मोबाईल पुढे केला. त्यावर फॉरवर्ड होऊन आलेला मजकूर होता की, अमेरिकेने प्राण्यांवरच्या औषधचाचण्या बंद केल्या, आता औषधं प्लास्टिकच्या चिपवर तपासणार. त्याने विचारलं, "म्हणजे आता न तपासताच औषधं देणार का? आणि हिला दिलेली कशावर तपासली होती?"

मी आधी मुलीच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला, यकृताच्या तपासणीसाठी रक्त पाठवलं आणि रिपोर्ट येईपर्यंत त्या दिवशीच्या गोळ्या थांबवायला सांगितल्या. भावाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र दवाखान्यातली पाच मिनिटं पुरली नाहीत. असे प्रश्न आता बरेच जण विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बातमीत खरं काय आहे

"बंद केल्या" हे खरं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. नव्या औषधाची माणसांवर चाचणी सुरू करण्याआधी ते प्राण्यांवर तपासलंच पाहिजे, ही सक्ती त्या कायद्याने काढली. आता कंपनी माणसाच्या पेशींवरच्या चाचण्या, अवयवांच्या चिप किंवा संगणकीय प्रारूपं यांचा पुरावाही देऊ शकते. प्राण्यांवर चाचणी करायला बंदी नाही आणि बहुतेक कंपन्या ती अजूनही करतात. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, पुढचा आराखडा जाहीर केला. त्यात सुरुवात मोनोक्लोनल अँटिबॉडी या प्रकारच्या औषधांपासून करायची आणि तीन ते पाच वर्षांत प्राण्यांवरच्या सुरक्षा-चाचण्या नियमाऐवजी अपवाद व्हाव्यात, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. हे उद्दिष्ट आहे. ते साध्य झालेलं नाही.

आपल्याकडेही हा बदल झाला आहे, त्याची बातमी मात्र फारशी झाली नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल यांच्या नियमांत दुरुस्ती केली. माणसांआधीच्या चाचण्यांच्या व्याख्येत प्राण्यांबरोबरच पेशींवरच्या चाचण्या, अवयवांच्या चिप आणि संगणकीय प्रारूपं यांचा स्पष्ट उल्लेख आला. म्हणजे उद्या एखाद्या भारतीय कंपनीने यकृताच्या चिपवरचे निकाल दाखल केले, तर नियम त्याच्या आड येत नाही.

प्राण्यांवरच्या चाचण्यांची प्रथा कुठून आली हेही माहीत असावं. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषधाचं एक गोड सिरप विकलं गेलं. औषध विरघळवण्यासाठी त्यात डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं होतं. शंभराहून अधिक माणसं दगावली, त्यांत लहान मुलं बरीच होती. पुढच्या वर्षी कायदा आला, की बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित असल्याचा पुरावा द्या. त्या काळी पुरावा देण्याचा हाताशी असलेला मार्ग म्हणजे प्राणी. नाव ओळखीचं वाटलं असेल, तर बरोबर आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं गेली आणि त्यांतल्या काहींवर नागपूरला उपचार चालू होते. त्या बाटलीत सापडलेलं विष हेच. त्याकडे मी पुढे पुन्हा येते.

यकृतच का?

तोंडाने घेतलेली जवळजवळ प्रत्येक गोळी आतड्यातून शोषली गेली की आधी यकृतात जाते. यकृत तिचं रूप बदलतं, म्हणजे तोडतं, जोडतं, पाण्यात विरघळेल असं करतं आणि बाहेर टाकायची तयारी करतं. कितीतरी वेळा या प्रक्रियेत मूळ औषधापेक्षा वेगळंच रसायन तयार होतं आणि त्रास ते देतं.

रोजचं उदाहरण पॅरासिटामॉलचं. ठरलेल्या मात्रेत ते सुरक्षित आहे. पण यकृत त्याच्या थोड्या भागाचं एका तिखट, घातक पदार्थात रूपांतर करतं आणि ग्लुटाथिओन नावाच्या साठ्याने त्याला लगेच निष्प्रभ करतं. मात्रा फार वाढली, माणूस उपाशी असला किंवा रोज दारू पिणारा असला, की तो साठा कमी पडतो आणि यकृतपेशी मरू लागतात. म्हणून ताप उतरत नाही म्हणून दर दोन तासांनी गोळी देऊ नका असं आम्ही बजावतो. सर्दीच्या, अंगदुखीच्या आणि तापाच्या वेगवेगळ्या गोळ्यांमध्ये तेच पॅरासिटामॉल असतं, हेही बघा.

आता हेच पॅरासिटामॉल उंदरांना दिलं तर काय होतं? छोट्या पांढऱ्या उंदराचं यकृत त्याने सहज बिघडतं. त्याच्याच कुळातला मोठा उंदीर बरीच मात्रा पचवतो. दोघंही उंदीरच, पण यकृतातली रासायनिक यंत्रणा वेगळी. मग माणसाबद्दल नेमकं कोणावरून ठरवायचं?

पंधरा माणसं, १९९३

अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९९३ मध्ये हिपॅटायटिस बी वरच्या फियालुरिडीन या नव्या गोळीची चाचणी चालू होती. उंदीर, कुत्रे, माकडं यांच्यावर ती तपासून झाली होती आणि यकृताबद्दल धोक्याची खूण दिसली नव्हती. माणसांना ती दोन-चार आठवडे देऊनही पाहिली होती. मग १५ रुग्णांना जास्त काळ द्यायला सुरुवात झाली. काही आठवडे सगळं ठीक चाललं, उलट विषाणू कमी होत होता. जूनमध्ये एका रुग्णाला अचानक यकृत निकामी होण्याची लक्षणं दिसली. चाचणी तात्काळ थांबवली. पण औषध थांबवल्यावरही नुकसान होतच राहिलं. सात जणांचं यकृत निकामी झालं. पाच जण गेले, दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले.

कारण पुढे सापडलं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात हे औषध शिरतं आणि तिथल्या जनुकीय साखळीत जाऊन बसतं. आत शिरायला जी वाहतूक करणारी प्रथिनं लागतात, ती माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात असतात. उंदरांच्या नसतात. म्हणजे उंदरांवर कितीही काळजीपूर्वक चाचणी केली असती, तरी उत्तर चुकीचंच येणार होतं.

प्राण्यांवरच्या चाचण्या निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ काढू नका. २००० साली १५० औषधांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. माणसांत दिसलेल्या गंभीर दुष्परिणामांपैकी सुमारे ७१ टक्के परिणाम कुठल्या ना कुठल्या प्राण्यातही दिसले होते. यकृताच्या बाबतीत मात्र हे प्रमाण बरंच खाली होतं. रक्तावर किंवा पचनसंस्थेवर होणारा परिणाम प्राणी बऱ्यापैकी दाखवतात आणि यकृताचा लपून राहतो. ट्रोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी अमेरिकेत १९९७ मध्ये बाजारात आली आणि यकृत निकामी झाल्याच्या घटनांमुळे मार्च २००० मध्ये मागे घ्यावी लागली. ती घेणारे लोक चाचणीचे स्वयंसेवक नव्हते. तुमच्या-माझ्यासारखे, चिठ्ठी घेऊन दुकानात गेलेले रुग्ण होते.

एकट्या पेशीला यकृत म्हणत नाहीत

मग माणसाच्याच यकृतपेशी घेऊन त्यांच्यावर औषध टाकून बघायचं, हे सरळ दिसतं. शास्त्रज्ञांनाही ते पन्नासेक वर्षांपूर्वीच सुचलं होतं. अडचण अशी की यकृतातून वेगळ्या केलेल्या पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये एकट्या ठेवल्या, की दोन-चार दिवसांत त्या आपलं काम विसरतात. जिवंत दिसतात, पण औषधांचं रूप बदलणारी एन्झाइमं बनवणं सोडतात. अशा पेशींवर पॅरासिटामॉल टाकलं तर ते घातक रूपात बदलणारच नाही आणि डिश सांगेल की "सगळं ठीक". फियालुरिडीनसारखं, आठवड्यांनी परिणाम दाखवणारं औषध तर अशा डिशमध्ये तपासताच येत नाही.

तोडगा सापडला तो शेजार देऊन. १९८३ मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात क्रिस्तियान गुगेन-गिलुझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतपेशींच्या शेजारी यकृतातल्याच दुसऱ्या प्रकारच्या पेशी वाढवल्या. एकट्या पेशी काही दिवसांत थंडावत. शेजार असलेल्या पेशी कित्येक आठवडे अल्ब्युमिन हे प्रथिन बनवत राहिल्या. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये ज्या अल्ब्युमिनचा आकडा येतो तेच हे, आणि ते यकृत नीट चालल्याची खूण आहे. अशा जोडीने वाढवलेल्या पेशींना को-कल्चर म्हणतात.

२००८ मध्ये एमआयटीतल्या भारतीय वंशाच्या संशोधक संगीता भाटिया आणि सलमान खेतानी यांनी ही कल्पना नीटनेटकी केली. माणसाच्या यकृतपेशींची अर्ध्या मिलिमीटरएवढी गोल बेटं, ठरावीक अंतरावर मांडलेली आणि मधल्या जागेत आधार देणाऱ्या पेशी. या मांडणीत यकृतपेशी चार ते सहा आठवडे कामावर राहिल्या. आता औषध एकदाच टाकून दुसऱ्या दिवशी बघण्याऐवजी, रुग्ण घेतो तसं रोज थोडं थोडं देऊन आठवड्यांनी काय होतं ते बघता येतं. गंमत म्हणजे त्या आधार देणाऱ्या पेशी उंदराच्याच आहेत. उंदराला पूर्ण निरोप अजून दिलेला नाही!

माणसाच्या यकृतपेशी अशा तऱ्हेने दीर्घकाळ जिवंत ठेवल्या आणि त्यांना फियालुरिडीन पुन्हा पुन्हा दिलं, तर त्याचं विष दिसतं. त्या काळी ही सोय असती तर, असं हे वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

शेजाऱ्यांचं काम फक्त सोबत करण्याचं नसतं. यकृतात मुख्य पेशींखेरीज रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असतात, जखम भरणाऱ्या आणि प्रमाणाबाहेर गेल्या तर यकृत कडक करणाऱ्या ताराकृती पेशी असतात आणि कुप्फर पेशी नावाचे पहारेकरी असतात. संसर्ग आला की हे पहारेकरी दाह निर्माण करणारी रसायनं सोडतात. ट्रोव्हाफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक यकृत निकामी झाल्याच्या घटनांमुळे १९९९ मध्ये जवळजवळ वापरातून गेलं. नुसत्या यकृतपेशींवर ते फारसं काही करत नाही. दाहाची रसायनं सोबत असली की त्याच मात्रेत पेशी मरू लागतात. विचार करा, प्रतिजैविक कोण घेतो? ज्याच्या अंगात संसर्ग आणि दाह आहे तोच. निरोगी उंदराला किंवा एकट्या पेशीला देऊन हे कळलं नसतं. त्याचाच भाऊ लिव्होफ्लॉक्सासिन आज सर्रास वापरात आहे. अशा "एक घातक, एक त्या मानाने सुरक्षित" जोड्या मुद्दाम निवडून नव्या चाचण्यांची परीक्षा घेतात.

यकृताच्या पेशी दुसऱ्या अवयवाच्या पेशींबरोबर जोडण्याचाही मोठा उपयोग आहे. ॲलर्जीसाठी तुम्ही फेक्सोफेनाडिन घेतलं असेल. ते आलं टर्फेनाडिन या जुन्या गोळीतून. टर्फेनाडिन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकत होतं, पण निरोगी यकृत ते झटपट फेक्सोफेनाडिनमध्ये बदलत असल्यामुळे बहुतेकांना काही होत नसे. त्याच वेळी बुरशीवरचं केटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन चालू असलं, तर यकृताचं हे काम अडायचं आणि हृदयावर बेतायचं. नव्वदच्या दशकाअखेर अमेरिकेत ते मागे घेतलं गेलं. नुसत्या हृदयपेशींवर तपासलं तर टर्फेनाडिन फार भयंकर दिसतं, शेजारी यकृतपेशी ठेवल्या की धोका कमी होतो. प्रत्यक्ष शरीरातही तसंच घडत होतं. तुम्ही "सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला "काही नाही, बीपीची एक गोळी" असं उत्तर देता आणि पिशवीतून चार पाकिटं निघतात, तेव्हा आमच्या कपाळावर आठ्या पडतात त्या याच कारणाने.

चिपची परीक्षा

चिप म्हणजे पेन ड्राइव्हएवढा पारदर्शक तुकडा. आत केसासारख्या दोन वाहिन्या असतात, त्यांच्यामध्ये सच्छिद्र पडदा. एका बाजूला यकृतपेशी, दुसऱ्या बाजूला अस्तराच्या, कुप्फर आणि ताराकृती पेशी आणि वरून रक्तासारखा वाहता द्रव. डिसेंबर २०२२ मध्ये बॉस्टनच्या एम्युलेट या कंपनीने एक अभ्यास प्रसिद्ध केला. २७ औषधं, ८७० चिप, आणि तपासणाऱ्यांना कुठलं औषध कुठलं हे सांगितलेलं नव्हतं. यकृताला घातक असलेल्या औषधांपैकी सुमारे ८७ टक्के औषधं चिपने ओळखली आणि एकाही सुरक्षित औषधाला घातक म्हटलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये एफडीएने ही चिप आपल्या नव्या चाचणी-पद्धतींच्या पात्रता कार्यक्रमात दाखल करून घेतली. दाखल करून घेणं म्हणजे मान्यता नव्हे. परीक्षेचा फॉर्म स्वीकारला इतकंच.

हे निकाल चांगले आहेत आणि मला त्यांचं कौतुक आहे. पण अभ्यास चिप विकणाऱ्या कंपनीचाच आहे, हे विसरू नये. २७ औषधं म्हणजे फार मोठा आकडा नाही. आणि ८७ टक्के म्हणजे शंभरातली तेरा घातक औषधं निसटली. शिवाय चिप ज्या रबरासारख्या सिलिकॉनची बनते ते काही औषधं स्वतःच शोषून घेतं, त्यामुळे पेशींपर्यंत नेमकी मात्रा किती गेली याबद्दल शंका राहते. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळणं, खर्च, चांगल्या यकृतपेशी मिळणं या अडचणी वेगळ्याच. या पेशी बहुतेक वेळा दान केलेल्या पण प्रत्यारोपणाला न चाललेल्या यकृतांमधून येतात. कुणाच्या तरी घरच्यांनी त्या वेळी "हो" म्हटलेलं असतं.

माझं मत विचाराल तर, यकृतापुरतं बोलायचं झालं तर माणसाच्या पेशींच्या शेजारी-शेजारी वाढवलेल्या चाचण्या आजच उंदरांच्या बरोबरीने सक्तीच्या करायला हरकत नाही. उंदीर काढून त्यांची जागा फक्त चिपला देणं मला अजून घाईचं वाटतं. गर्भावर होणारा परिणाम, अनेक महिन्यांनी दिसणारा परिणाम, संपूर्ण शरीरातली गुंतागुंत यांबद्दल एका अवयवाची चिप बोलू शकत नाही.

चिपला तुमचं यकृत माहीत नाही

भावाचा दुसरा प्रश्न होता की, बहिणीची औषधं तपासलेली असूनही तिला त्रास का झाला. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही क्षयाची औषधं काही दशकं कोट्यवधी लोकांनी घेतली आहेत. त्यांचा यकृतावरचा त्रास आम्हाला पाठ आहे. तरी तो कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. आयसोनियाझिडचं रूप बदलणारं एक एन्झाइम काही लोकांत जन्मतःच संथ असतं. भारतात असे लोक भरपूर आहेत आणि त्यांना यकृताचा धोका काहीसा जास्त असतो. चिपमधल्या पेशी एका किंवा मोजक्या दात्यांच्या असतात. तो दाता झटपट काम करणाऱ्या एन्झाइमचा असेल, तर चिप तुमच्या बहिणीबद्दल काहीच सांगणार नाही. काही दुष्परिणाम तर दहा हजारांत एखाद्यालाच होतात, त्या व्यक्तीच्या प्रतिकारशक्तीच्या विशिष्ट घडणीमुळे. ते पकडायला दहा हजार वेगवेगळ्या माणसांच्या चिप लागतील.

भारतातल्या यकृततज्ज्ञांच्या एका जाळ्याने २०१३ ते २०१८ या काळातल्या, औषधांमुळे यकृत बिघडलेल्या १,२८८ रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या सुमारे ४६ टक्के रुग्णांत कारण क्षयाची औषधं होती. त्यांच्या खालोखाल सुमारे १४ टक्के रुग्णांत आयुर्वेदिक, वनौषधी आणि इतर पर्यायी औषधं होती. दुसरा आकडा वाचून अनेकांना राग येतो. पण नीट बघा: नव्या आधुनिक औषधाला बाजारात यायला पेशी, प्राणी, माणसं अशा पायऱ्या चढाव्या लागतात. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना देताना विषारीपणाचा नवा अभ्यास मागितला जात नाही, कारण परंपरेतला वापर हाच पुरावा धरला जातो. करोनाच्या काळात लोकांनी घरोघरी गुळवेल उकळून पिणं सुरू केलं. त्या वेळी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, वनस्पती नेमकी कुठली होती हे तपासलं नव्हतं आणि दिसायला सारखी दुसरी वेल असू शकते. आक्षेप रास्त आहे. पण मग ग्राहकाने बाजारातून घेतलेल्या पुडीत नेमकी कुठली वेल आहे, हे कोण तपासणार? माणसाच्या यकृतपेशींच्या को-कल्चरवर अशी चूर्णं तपासणं सोपं नाही, कारण एका काढ्यात शेकडो घटक असतात. तरी सुरुवात करता येण्यासारखी आहे आणि आपल्या देशात ती करण्याला सगळ्यात जास्त कारण आहे.

आणि छिंदवाड्याची बाटली? तिथे कुठल्याही चिपचा उपयोग नव्हता. डायएथिलीन ग्लायकॉल विष आहे हे १९३७ पासून सगळ्यांना माहीत आहे. ते मुख्यतः मूत्रपिंड निकामी करतं. तिथे गरज होती ती कच्चा माल आणि तयार बाटल्या यांच्या साध्या रासायनिक तपासणीची, जिला नवं तंत्रज्ञान लागत नाही. नव्या चाचण्यांच्या बातम्या वाचताना हा फरक लक्षात ठेवा. औषधाचा रेणू सुरक्षित असणं एक आणि तुमच्या हातातली बाटली सुरक्षित असणं दुसरं.

तोपर्यंत घरी काय बघायचं

क्षयाची औषधं, फिट्सची काही औषधं, बुरशीवरच्या गोळ्या, मेथोट्रेक्सेट यांपैकी काही चालू असेल, तर पुढची लक्षणं अंगावर काढू नका: भूक अचानक मरणं, सतत मळमळ किंवा उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे होणं. त्याच दिवशी दाखवा. उलट्या होत असतील किंवा डोळे, लघवी पिवळी असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. पण मनाने औषध बंद करून घरी बसू नका. क्षयात अर्धवट सोडलेले उपचार यकृताच्या त्रासापेक्षा महागात पडू शकतात. काविळीवरचा झाडपाला, नाकात टाकायचे थेंब, माळेचा उतारा हे औषधांमुळे झालेल्या काविळीत वेळ घालवतात आणि कधी कधी आधीच दुखावलेल्या यकृतावर आणखी एक ओझं टाकतात. उपचार सुरू करण्याआधीचा एलएफटीचा रिपोर्ट जपून ठेवा. नंतरचा आकडा वाढला की नाही हे त्यावरून कळतं. दारू पीत असाल तर ते डॉक्टरांना खरं सांगा, आम्ही घरी कळवत नाही.

त्या मुलीचा एसजीपीटी ४१२ आला आणि बिलिरुबिन २.८. आई आदल्या दिवशीच शेजारच्या गावातून काविळीचं औषध आणायला निघाली होती, एसटी चुकली म्हणून माझ्याकडे आली. क्षयाची तिन्ही औषधं थांबवली, वरच्या रुग्णालयाशी बोलून यकृताला त्रास न देणारी औषधं मधल्या काळासाठी दिली आणि दर आठवड्याला रक्त तपासत राहिलो. आकडा खाली आल्यावर औषधं एकेक करून परत सुरू केली: आधी रिफाम्पिसिन, मग काही दिवसांनी आयसोनियाझिड. पायराझिनामाइड पुन्हा दिलं नाही, त्यामुळे उपचार सहाऐवजी नऊ महिन्यांचे झाले. भाऊ दर वेळी रिपोर्टचा फोटो काढून जुन्या आकड्याशेजारी ठेवतो. मागच्या वेळी एसजीपीटी ३६ होता.